जमलेल्या कामांची वही

आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवसापासून एक लाल वही आहे. रिजेक्शनची. कुठला जॉब, किती नग बाद झाले, कशामुळे, पुढे काय काळजी घ्यायची, सगळं तिच्यात असतं. फर्म सुरू करण्याआधी मी नऊ वर्षं तपासणी विभागात काढली होती, त्यामुळे चूक झाली की नोंद झालीच पाहिजे, हे अंगात भिनलेलं होतं. सरळ पार पडलेल्या कामाचं मात्र चलन केलं, बिल पाठवलं, की तो विषय संपायचा. तो जॉब नीट का झाला, असं आम्ही कधी एकमेकांना विचारलं नाही. न विचारण्यानं काय होतं ते आठव्या वर्षी कळलं.

सुरुवात एका सेकंडहँड लेथवर झाली. भाड्याचा गाळा, मी आणि मामा. मामा नात्यातले नव्हेत. तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले टर्नर, आणि सगळेच त्यांना मामा म्हणायचे. ड्रॉइंग, पार्टीशी बोलणं, मोजमाप, डिलिव्हरी माझ्याकडे. मशीन त्यांच्याकडे. पहिली दोन वर्षं पिन, स्पेसर, साधे बुश (पोकळ नळकांडी) यांतच गेली आणि त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. काम येत होतं, हप्ते जात होते.

तिसऱ्या वर्षी ४०० रिंगांचं काम आलं. बाहेरचा व्यास ९६ मिलिमीटर, भिंत जेमतेम ३ मिलिमीटर, आणि आतल्या बोअरला, म्हणजे भोकाला, ३० मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात ०.०३ मिलिमीटरचाच फरक चालणार. दोन जणांनी ते आधी नाकारलं होतं. आम्ही घेतलं आणि ४०० च्या ४०० रिंगा पास झाल्या. आमचं नाव झालं ते त्या जॉबमुळे. पुढे प्रत्येक नव्या मुलाला मी ती हकीकत सांगायचो: रात्रपाळ्या केल्या, नवीन धारेचं इन्सर्ट (कापणारी पात) आणलं, फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवला, आणि करून दाखवलं. इतक्या वेळा सांगितली की मलाही तीच खरी वाटायला लागली.

आठव्या वर्षापर्यंत दोन सीएनसी (संगणकानं चालणारी) मशीन आणि सहा माणसं झाली होती. मामांचे गुडघे उभं राहू देईनात, म्हणून ते घरी होते. त्या सुमारास एका मोठ्या ग्राहकाकडून पातळ भिंतीच्या बुशची ऑर्डर आली. हे काम नीट गेलं तर कायमचे पुरवठादार म्हणून आमची नोंद होणार होती. हेच आमचं उद्दिष्ट होतं. त्याच भरवशावर तिसरं मशीन बुक केलं होतं. पहिला लॉट ३०० नगांचा. तो पूर्णच्या पूर्ण परत आला. शेरा एवढाच: प्लग गेज (बोअरमध्ये घालून माप तपासायचा गोल दांडा) आत जात नाही.

माझा विश्वासच बसेना. आमच्या बोअर गेजवर, म्हणजे आतला व्यास काट्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर, प्रत्येक बुश बरोबर होता. गेज आत घालून कसाही फिरवा, काटा जागचा हलत नव्हता. त्यांच्या प्लग गेजमध्येच खोट असणार, या खात्रीनं मी दहा बुश घेऊन तिथे गेलो. तपासनिसानं गेज माझ्याच हातात दिला. तोंडाशी अडकला. थोडा फिरवून पाहिला, तरी तिथेच. बोअर लहान असता तर आमच्या काट्यानं सांगितलं असतं. आणि बोअर बरोबर असेल तर हा आत का जात नाही? त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

परत येऊन मी तेच केलं जे ‘त्या वेळी’ केलं होतं. त्याच मेकचं इन्सर्ट, कमी फीड, रात्रपाळी. नऊ दिवसांत ६० नग काढले. गेज जाईना. मुलं काही बोलत नव्हती, पण सेटिंग करताना प्रत्येक पावलावर माझ्याकडे बघायची, आणि ते मला रिजेक्शनपेक्षा जास्त लागलं. तिसरं मशीन रद्द करावं, पुन्हा पिन-स्पेसरवर यावं, असं पत्रही मी लिहून ठेवलं होतं.

पत्र पाठवण्याआधी लाल वही चाळली. ४०० रिंगांबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. कसं असणार? एकही नग बाद झाला नव्हता. मग खिशातल्या जुन्या डायऱ्या काढल्या. तिसऱ्या वर्षाच्या डायरीत, त्या कामाच्या आठवड्यात, माझ्याच अक्षरात एक तक्रार सापडली: ‘रिंगचा जॉब. मामांनी सॉफ्ट जॉ बोअर करण्यात अर्धा दिवस घालवला. माल वेळेवर जाणार नाही. बोलणे.’

जॉ म्हणजे मशीनच्या चकवर माल पकडणारे जबडे; सॉफ्ट जॉ मऊ धातूचे, मालाच्या मापाला कोरून घेता येणारे. मी मामांना फोन लावला.

“मामा, तो रिंगचा जॉब आठवतो का? जॉ बोअर केले होते तुम्ही.”

“आठवतो की. तू चिडला होतास माझ्यावर.”

“का केलं होतं ते?”

“अरे, पातळ माल. तीन जॉनी धरला की तीन ठिकाणी दबतो. मी जॉ रिंगच्या मापाला बोअर केले, म्हणजे सगळीकडून कवेत घेतात. आणि चावी दोन बोटांनी फिरवली. तू मशीनवर काय करतोयस?”

आम्ही काय करत होतो? दुसऱ्या जॉबसाठी बोअर केलेले सॉफ्ट जॉ ‘जवळपास बसतात’ म्हणून वापरत होतो, आणि हायड्रॉलिक चकचा दाब जाड मालासाठी होता तसाच ठेवला होता. तीन जॉनी आवळलेला बुश मशीनवर गोलच कापला जायचा. चक सोडला की भिंत मूळ जागी परतायची आणि गोल बोअर तीन कोपऱ्यांचा व्हायचा. या आकाराची गंमत अशी की समोरासमोर मोजलं तर व्यास सगळीकडे सारखाच भरतो. एका बाजूला फुगवटा असेल तर नेमका त्याच्या समोर तेवढाच खड्डा असतो. आमचा बोअर गेज दोन टोकांचा होता, म्हणून काटा हलत नव्हता. प्लग गेज मात्र पूर्ण गोल असल्यानं आत आलेल्या तीन जागांवर अडकत होता. तपासणीत इतकी वर्षं घालवूनही हे माझ्या नजरेतून सुटलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मामांची ‘दोन बोटं’ सीएनसीवर चालत नाहीत, तिथे ती आकड्यात बसवावी लागली. जॉ नेमक्या मापाला बोअर केले. दाब पायरीपायरीनं खाली आणला. रफिंग (सुरुवातीचं जाडं कापकाम) झालं की चक सोडायचा, बुश मोकळा होऊ द्यायचा, मग हलक्या दाबानं धरून फिनिश कट. तीन टोकांचा बोअर गेज घेतला. पहिले पाच नग मी मुद्दाम स्वतः केले नाहीत. सगळ्यात घाबरलेल्या मुलाला करायला दिले. पाचव्या नगाला त्यानं प्लग गेज बोअरच्या तोंडावर ठेवून सोडला आणि तो स्वतःच्या वजनानं सावकाश खाली उतरला. त्यानं तो पुन्हा वर काढून परत सोडला. तीनदा.

नंतर या विषयावर वाचत गेलो तेव्हा आपल्या बाबतीत काय झालं याला शब्द मिळाले. श्मुएल एलिस आणि इनबार डेव्हिडी या दोन संशोधकांचा २००५ मधला एक अभ्यास आहे, वाट शोधत जाण्याचे सराव करणाऱ्या सैनिकांवरचा. एका गटानं सरावानंतर फक्त चुकांची उजळणी केली. दुसऱ्यानं चुकांबरोबर जे जमलं त्याचीही केली. दुसऱ्या गटाची सुधारणा जास्त झाली. मी वाचता वाचता थांबलो, कारण आमची फर्म आठ वर्षं पहिल्या गटात होती.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का येतो तो स्वतः करून दाखवल्यामुळे. दुसऱ्याला करताना पाहून किंवा कुणी धीर दिल्यानं येणारा विश्वास त्यामानानं लवकर ढळतो. सहज मिळालेल्या यशानं आलेला विश्वासही पहिल्या फटक्यात हलतो. अडचण पार करून मिळालेला टिकतो, असंही त्यांचं म्हणणं. माझ्या मुलांकडे ४०० रिंगांची फक्त गोष्ट होती, तीही चुकीची. त्यांच्या हातानं पातळ भिंतीचा एकही नग पास झालेला नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे बघू नये तर काय करावं? म्हणूनच ते पाच नग त्या मुलानं करणं गरजेचं होतं.

लॉट पास झाला. कायमच्या नोंदीला आणखी सात महिने लागले, मशीन उशिरा आलं, पण आलं. त्याच आठवड्यात निळी वही सुरू केली, जमलेल्या कामांची.

तिच्यात कौतुक लिहायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच केला. कशाची भीती होती, नेहमीपेक्षा वेगळं काय केलं, आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं, एवढंच लिहायचं. मशीनवर ज्यानं काम केलं त्यानंच लिहायचं, मी नाही. माझी आठवण कशी फिरते ते मी पाहिलं आहे. आणि पानाच्या तळाशी एक ओळ: यात नशिबाचा भाग किती? ही ओळ मुलांना आवडत नाही, पण मी ती सोडू देत नाही. एकदा लांब शाफ्टचा एक लॉट अजिबात न वाकता निघाला. आम्ही श्रेय सेटिंगला दिलं, पान भरलं. पुढचा लॉट त्याच सेटिंगवर वाकला. शोध घेतल्यावर समजलं की पहिल्या वेळचे बार आधीच स्ट्रेस रिलीव्ह करून, म्हणजे धातूतला आतला ताण काढून, आले होते. ते पान आम्ही फाडलं नाही, त्यावर लाल शाईनं खरं कारण लिहिलं. माझ्या मते वहीतलं सगळ्यात उपयोगी पान तेच आहे.

मामांना वही दाखवायला मी घरी घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून बरीच पानं वाचली. दोन ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, “हे कारण नाही. मुलाला पुन्हा विचार.” विचारलं. दोन्ही ठिकाणी ते बरोबर होते.

सध्या आम्ही स्टेनलेस स्टीलच्या एका खोल बोअरवर अडकलो आहोत. चिप (कापलेल्या धातूचा कीस) बाहेर येत नाही, आतल्या पृष्ठभागावर ओरखडे उमटतात, दोन लॉट लाल वहीत गेले. काल संध्याकाळी मशीनवरच्या ताईनं निळी वही उघडून या बोअरशी जुळणारं काम शोधलं. तंतोतंत जुळणारं मिळालं नाही. पान ३१ वर ब्राँझचा खोल बोअर आहे, धातू वेगळा, पण चिप अडकण्याची भीती तीच लिहिलेली आहे, आणि पुढे कूलंटचा दाब आणि टूल मध्येच मागे घेण्याची अंतरं दिली आहेत. तिनं तिथे कागदाची खूण घालून ठेवली आहे. उद्या पहिल्या पाळीत तिथूनच सुरुवात करणार आहोत.