चौदा फ्रेम

‘मिस्टर व्हॅम्पायर’ची ३५ मिमी प्रिंट आमच्याकडे खेळासाठी आली, तेव्हा डब्यातल्या कागदावर ‘स्थिती चांगली’ एवढाच शेरा होता. १९८५चा हा हाँगकाँगचा चित्रपट ९६ मिनिटांचा आहे. म्हणजे साधारण २६३० मीटर फिल्म, पाच मोठी रिळं. असा शेरा कितीही वाचला तरी प्रत्येक रीळ बेंचवर घेऊन हाताने फिरवावंच लागतं. सुती हातमोजा घालून फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटात हलक्या धरायच्या. फाटकी भोकं आणि जुने जोड डोळ्यांच्या आधी बोटांना कळतात.

या जातीच्या चित्रपटांची तपासणी मी थोडी वेगळी करतो. यांतला विनोद, भीती आणि मारामारी ही तिन्ही नियमांवर उभी असतात, आणि ते नियम प्रेक्षकाला एखाद्या छोट्याशा शॉटमध्ये सांगून टाकलेले असतात. उडी मारत चालणारं प्रेत आंधळं असतं, ते श्वासावरून माणूस शोधतं. कपाळावर पिवळा मंतरलेला कागद चिकटवला की ते जागच्या जागी थांबतं. शवपेटीवर सुताराच्या शाईच्या दोरीने रेघा मारल्या की ते बाहेर येत नाही. चावा घेतलेल्याला चिकट तांदळाचा उतारा. मग प्रत्येक नियमाला एक फट ठेवलेली असते. मांत्रिकाचे शिष्य पेटीच्या पाचही बाजूंना रेघा मारतात आणि तळ विसरतात. दुकानदार चिकट तांदळात साधा तांदूळ मिसळून देतो. अभिनेता-दिग्दर्शक सॅमो हंगच्या १९८०च्या ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’मध्ये हीच युक्ती अंड्यांवर आहे: प्रेत पेटीत दाबून ठेवायला कोंबडीची अंडी लागतात आणि विक्रेता त्यांत बदकाची घालतो. पुढे ‘मिस्टर व्हॅम्पायर’चा निर्माताही सॅमो हंगच. भेसळीचा तो शॉट रिळाच्या टोकाला येऊन कापला गेला, तर पुढचा अख्खा प्रसंग पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून असे शॉट मी आधी शोधतो. या प्रिंटमध्ये ते सगळे शाबूत होते.

रंग बरे होते. रात्रीच्या दृश्यांतला निळा प्रकाश निळाच राहिला होता. आणखी जुन्या प्रिंटमध्ये तो उतरून सगळं गुलाबी झालेलं असतं. इमल्शनच्या, म्हणजे चित्राचा थर असलेल्या, बाजूला काही हिरवे ओरखडे होते. हिरवा ओरखडा म्हणजे फक्त वरचा थर खरवडला गेलेला. पिवळा किंवा पांढरा दिसला तर मात्र काळजी करायची.

अडचण निघाली श्वास रोखून धरण्याच्या प्रसंगात. बोटाला एक जोड लागला. चिकटपट्टीचा, नीट बसवलेला, फ्रेमरेषेवर अचूक. भिंगातून पाहिलं तर जोडाच्या अलीकडची आणि पलीकडची फ्रेम जवळजवळ सारखीच: नाकं दाबून उभी असलेली माणसं आणि त्यांच्या चेहऱ्याशी चेहरा लावून थांबलेलं प्रेत. कोणीच हलत नाही, त्यामुळे काही गेलं आहे हे नजरेला कळतच नाही. बहुधा म्हणूनच शेरा ‘चांगली’ पडला असावा.

मोजायला याच चित्रपटाची व्हिडिओ डिस्क लावली. इथे जपावं लागतं. पाल या व्हिडिओ पद्धतीच्या डिस्कवर चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमने धावतो, म्हणून मिनिटं कमी भरतात, पण फ्रेमची संख्या तीच राहते. एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीत काही चित्रं दोनदा येतात, ती वगळून मोजावी लागतात. अलीकडच्या कटपासून पलीकडच्या कटपर्यंत डिस्कवर जितक्या फ्रेम होत्या, त्यापेक्षा प्रिंटवर १४ कमी भरल्या. जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त.

चित्रात हे खपलं असतं. नुकसान आवाजात होतं. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारं साउंड हेड हे चित्र पडद्यावर टाकणाऱ्या गेटच्या पुढे असतं, म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या २१ फ्रेम आधी छापलेला असतो. जोड गेटमधून सरकला की चित्र १४ फ्रेम पुढे जातं, आवाज मात्र जुन्याच जागेवरून चालत राहतो. २१ फ्रेमनंतर तोच जोड साउंड हेडखाली येतो, आवाज एक उडी घेतो आणि चित्राला गाठतो. त्या उडीत जो तुकडा नाहीसा होतो, त्यात नेमका दम सुटल्याचा आवाज होता. पडद्यावर तोंड उघडतं, प्रेत वळतं, आणि ते का वळलं हे कानाला कळतच नाही. भीती आणि हसू दोन्ही त्या एका सुस्काऱ्यावर टांगलेली असतात.

हा प्रसंग तोलून धरतो तो लाम चिंग-यिंग. मंत्रवेत्त्या गुरूच्या भूमिकेत तो एकदाही विनोद करत नाही. कपाळाला आठ्या घालून शांतपणे काम करत राहतो, म्हणूनच शिष्यांचा गोंधळ हसवतो. तो आणि समोरचं प्रेत झालेला युएन वाह, दोघेही ब्रूस लीच्या स्टंट-चमूतले. गुडघे न वाकवता, दोन्ही पाय एकदम उचलून, हात ताठ ठेवून मारलेली ती उडी आणि तिच्यामागची अंगमेहनत मोठ्या पडद्यावर पाहावी अशीच आहे.

पर्याय दोन होते. जोडाच्या जागी १४ काळ्या फ्रेम घातल्या तर चित्र आणि आवाज जुळले असते, पण स्तब्ध शॉटच्या मधोमध काळा झटका आला असता आणि सुस्कारा तरीही परत आला नसता. दुसरा पर्याय म्हणजे जादा आलेल्या प्रिंटचं तेवढंच रीळ बदलून लावायचं. ते लावून ऐकलं तर संवाद आमच्या प्रिंटसारखे कँटोनीज नव्हते, मँडरिन या दुसऱ्या चिनी भाषेत निघाले. हाँगकाँगमध्ये त्या काळी आवाज नंतरच भरत, त्यामुळे चित्र तेच आणि भाषा वेगळी, असं नेहमी होतं. हे रीळ लावलं असतं तर वीस मिनिटं सगळ्यांचे आवाज बदलले असते. एक सुस्कारा गेलेला परवडला. कँटोनीज रीळच ठेवलं.

जोड उकलून पट्टी नवी बसवली, फ्रेम एकही कापली नाही. पडद्यावर चालवून पाहताना चित्राची चौकट ठरवणारा मास्क १.८५चाच (रुंदी उंचीच्या १.८५ पट) आहे ना, तेही पुन्हा पाहिलं. त्याहून उंच मास्क लागला तर उड्यांच्या शॉटमध्ये झाकायची ती वरची जागा उघडी पडते. परत पाठवताना ‘स्थिती चांगली’ या शेऱ्याखाली लिहिलं: रीळ ३, श्वास रोखण्याचा शॉट, १४ फ्रेम नाहीत, दम सुटल्याचा आवाज नाही, जोड नवा केला आहे, आणखी कापू नये; जादा रीळ मँडरिन.