झुडपी जंगलातील गावराई : या वर्षीच्या राखणीची नोंद

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील आमच्या गावाला लागून असलेल्या झुडपी जंगलाची राखण गावकरी मिळून करीत आहेत, तिची ही या वर्षाची नोंद. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत ‘झुडपी’ म्हणून नोंदलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन असून ती वनजमीनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. अशी जमीन ज्यांच्या गावाजवळ आहे, त्यांना ही नोंद उपयोगी पडावी.

या वर्षी ग्रामसभेत ठरलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोपे लावण्यासाठी खड्डे कमी खोदायचे आणि जे जमिनीत आधीच आहे ते सांभाळायचे. ऐन, धावडा, पळस, तेंदू ही झाडे वरून कितीही वेळा तोडली, चरली किंवा होरपळली, तरी त्यांची मुळे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर बुडख्यातून किंवा मुळांतून नवे धुमारे फुटतात. उजाड दिसणाऱ्या मुरमाड जमिनीत अशी जुनी मुळे खोलवर पसरलेली असतात, म्हणूनच पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात त्यांवरचे धुमारे तग धरतात, तर पिशवीतून आणलेले कोवळे रोप पाण्यावाचून मान टाकते. आम्ही प्रत्येक बुडख्यावरचे दोन सरळ, जोमदार धुमारे राखले आणि बाकीचे काढले. चराईबंदीच्या पट्ट्यात ऐनाचे धुमारे पाहता पाहता माणसाच्या उंचीचे झाले आहेत. चराईबंदी ढोरकी (गुरे राखणाऱ्या) मंडळींशी बसून ठरवली, त्यांना दुसरा पट्टा मोकळा ठेवला, म्हणूनच ती टिकली, असे माझे ठाम मत आहे.

या बदलाचा दुसरा परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो. खड्डे खोदण्याचे काम तरण्या पोरांचेच असे. राखणीत मात्र सर्वांना जागा आहे. धुमारे निवडायला जुन्या जाणत्यांची नजर लागते, रानतुळस हे पसरणारे तण फुलण्याआधी उपटायला बायकांचा गट येतो, बिया वेचायला शाळेतली मुले येतात. मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे घरात एकटे पडलेले दोन-तीन वृद्ध आता रोज उन्हे वर आल्यावर पट्ट्यात फेरी मारतात, कोणत्या झाडाला काय आले ते सांगतात, आणि एखाद्या दिवशी त्यांपैकी कोणी दिसले नाही तर चौकशीला माणूस घरी जातो. शेतीच्या विवंचनेने अबोल झालेला एक शेतकरी नवरंग पक्ष्याच्या शिळेची वेळ टिपून ठेवू लागला आहे. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे आढळले होते. तिथे झाडे नुसती दिसत होती. इथे माणूस झाडांसाठी लागतो आणि सोबतीला दुसरा माणूस असतो, म्हणून गुण अधिक येत असावा, असे मला वाटते. अर्थात, ज्याची झोप आणि भूक हरपली आहे त्याला आम्ही आधी डॉक्टरांकडे नेतो. राखणीचे काम उपचाराच्या जोडीला असते.

उन्हाळ्यातली मोठी चिंता वणव्याची. मोहफुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची जुनी सवय आहे, आणि तोच विस्तव वाऱ्याने पुढे पळतो. यंदा फुले पडू लागण्याआधी पाला झाडून बाजूला केला आणि मोहाखाली जुनी लुगडी व जाळ्या अंथरल्या. फुले मातीत मळली नाहीत, त्यामुळे हा उपाय बायकांनी मनापासून उचलला. पट्ट्याभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, गवत वाळताच साफ केली होती.

घाणेरी (लँटाना) हे उपद्रवी झुडूप काढताना नुसते कापू नये, कारण ते पुन्हा दाट फुटते. जमिनीखाली दोन-तीन बोटे मूळ कुदळीने तोडून झुडूप उलटे ठेवले की ते वाळून जाते; दिल्लीचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली ही पद्धत आमच्याकडे चांगली लागू पडली. गावालगतचा भाग आम्ही मुद्दाम विरळ ठेवतो, कारण हा वाघांचा मुलूख आहे. पहाटे, तिन्हीसांजेला आणि एकट्याने कोणी आत जायचे नाही, हा नियम ग्रामसभेने केला असून तो सर्व जण पाळतात.

येत्या जूनमध्ये मोहाच्या टोळी (बिया) पडल्या की लगेच थेट जमिनीत टोकायच्या आहेत, कारण त्या ठेवल्या तर थोड्याच आठवड्यांत उगवणशक्ती गमावतात. बेहड्याच्या बिया भिजवून लावू. चारोळीच्या बियांचे कवच फार कठीण असते आणि ते फोडताना आतला गर दुखावतो. ज्यांनी तिची रोपे यशस्वीपणे उगवली आहेत, त्यांनी आपली पद्धत पाऊस पडण्याआधी अवश्य कळवावी.