मूठ

गेल्या चैत्रातली दुपार. कैरी चिरत होतो. सुरी कोयीत अडकली, मी जरा जोर लावला, तर मूठ तेवढी हातात आली आणि पातं कैरीत उभंच. हिरव्या प्लास्टिकची मूठ. आत बोटभर पोकळी आणि तिच्यात कधीचं तरी साचलेलं काळं पाणी. म्हणजे इतके दिवस हे आपण कोशिंबिरीतून खात होतो.

"चाळीस रुपयांची सुरी, तिचं काय एवढं," म्हणत बायकोने विळी ओढली आणि दोन मिनिटांत फोडी मोकळ्या. मी मूठ घेऊन बसलो होतो तो बसलोच.

मला सुऱ्यांचा शौक वगैरे नाही. बोथट सुरीचा राग आहे, एवढंच. कुणाकडे जेवायला गेलो आणि आतून टोमॅटो चिरडल्याची चाहूल लागली की मी उठतो, एखादा चहाचा कप उपडा करतो आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी दहा-बारा वेळा ओढून देतो. यजमानीणबाईंना ते आवडत नाही. आमच्या हिला तर मुळीच नाही. हात कापतो तो बोथट सुरीनेच, कारण तिला जोर लावावा लागतो, हे माझं लाडकं वाक्य घरात आता कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही.

त्याच आठवड्यात भाच्याचा फोन. तो फिनलंडमध्ये असतो. तिकडचा हिवाळा लांबलचक, दिवस दुपारीच मावळतो, मग माणसं काहीबाही शिकत बसतात. हा सुरी करायला शिकला. तिथे तिला पुक्को म्हणतात. चार बोटं पातं, कमरेच्या पट्ट्याला लटकवायची. मासे साफ करा, काटक्या सोला, पावाला लोणी लावा. त्याने ती कॅमेऱ्यासमोर धरली. मूठ रेनडिअरच्या शिंगाची, पिवळसर पांढरी, मधूनच राखाडी रेघा. म्यान चामड्याचं, एका शिवणीचं, सुरीबरोबर अर्धीअधिक मूठही गिळून टाकणारं. ना बटण ना पट्टी. नुसत्या घट्टपणावर सुरी आत राहते.

"मामा, रेनडिअरच्या माद्यांनाही शिंगं असतात, माहितीये तुला?" हे त्याने अशा थाटात विचारलं, जशी काही ती सोय त्यानेच करून दिली होती.

शिंगाच्या बाबतीत आपली भाषा जरा ढिली आहे. म्हशीचंही शिंग आणि सांबराचंही शिंग. म्हशीचं म्हणजे नखाच्या जातीचं, एकदा आलं की जन्मभर डोक्यावर. सांबराचं म्हणजे निव्वळ हाड. गळून पडतं आणि पुन्हा नवं उगवतं, तेही वर्षाच्या वर्षाला. भाचा म्हणाला, कापताना वासावरूनच कळतं. एकाचा वास केस जळल्यासारखा, दुसऱ्याचा दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा.

तो बोलत होता आणि माझ्या नाकाला आमच्या आजीची आठवण झाली.

आजीकडे सांबरशिंगाचा तुकडा होता. तो कुठल्या घरात नव्हता म्हणा. आमचा तुकडा आजोळहून आलेला. आजोळ शिराळ्याच्या पुढे, वारणेच्या खोऱ्यात. आता तिथे चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, २०१० पासून तर सगळा टापू सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेला, पण आजोबांच्या लेखी ते नुसतं रान होतं आणि रानात पडलेलं शिंग म्हणजे पडलेलं शिंग. त्या तुकड्यावर बारीक दातांच्या खाचा होत्या. रानात गळून पडलेली शिंगं साळिंदरं कुरतडतात, हे फार पुढे कळलं. लहानपणी आम्ही समजायचो, आजोबांनीच चावून पाहिलं असेल.

तिसरीत मला गालफुगी झाली. आजीने देवघरातली नव्हे, दुसरी सहाण काढली. देवाच्या सहाणेवर चंदन, माणसांच्या सहाणेवर बाकी सगळं, हा तिचा कायदा. सहाणेवर पाण्याचे चार थेंब, तुकडा उभा धरलेला, आणि मग ते एकाच दिशेने गोल गोल. आधी नुसता खरखर आवाज, मग पाणी दुधाळ व्हायचं, मग आवाज मऊ पडायचा. वास ओल्या पाटीसारखा, मागे किंचित दाताचा. पहिल्या बोटाने ती लेप लावायची. लावताना गारेगार. थोड्या वेळाने वाळायला लागला की गाल आतून कुणी चिमटीत धरल्यासारखा. हसलं की तडा जायचा. म्हणून दादा दारात उभा राहून मला हसवायचा आणि आजी त्याला उलथनं घेऊन हाकलायची, की त्यानेच मला आणखी हसू यायचं. आठ दिवसांत गाल उतरले. गालफुगी आठ दिवसांत उतरतेच, पण हे आजीला सांगायची कुणाची टाप नव्हती.

डोकं दुखलं, शिंग. पाय मुरगळला, शिंग. छातीत कफ, शिंग आणि वर वेखंड. मला आठवतो तेव्हा तो तुकडा वीतभर होता. आजी गेली तेव्हा अंगठ्याएवढा उरला होता. मधला सगळा आमच्या अंगांवर गेला.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली. आमच्या खालच्या घरात छातीएवढं पाणी. आठवड्याने परत आलो तर सहाण न्हाणीघराच्या कोपऱ्यात गाळात रुतलेली, शाबूत. शिंग नाही. फ्रीजचा पंचनामा झाला, गाद्यांचा झाला. अंगठ्याएवढ्या तुकड्याची चौकशी कोण करणार?

तर मूठ शिंगाची हवी, हे माझ्या डोक्यात बसलं. मिरजेला गेलो. सतारमेकरांच्या गल्लीत माझ्या ओळखीचे एक म्हातारे कारागीर आहेत. भाचीच्या तंबोऱ्याची जवारी तेच काढून द्यायचे. पायरीवर बसून घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. जवारी काढायची म्हणजे घोडीची पाठ कणभर उतरती घासायची. तार तिच्यावर नेमकी टेकली की गुणगुणायला लागते. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा दोनदा. मी अर्धा तास नुसता बघत होतो. पूर्वी या घोड्या सांबरशिंगाच्या असत, हे मला ऐकून माहीत होतं, म्हणून विचारलं, एखादा जुना तुकडा पडलाय का.

"शिंग? वडिलांच्या काळात," ते कानस न थांबवता म्हणाले. "७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढं सगळं संपलं. रानात आपोआप पडलेलंसुद्धा विकायचं नाही, घ्यायचं नाही. आता उंटाचं हाड. कशाला पायजे?"

"सुरीची मूठ करतोय."

आता मात्र कानस थांबली. चष्म्यावरून त्यांनी मला पायापासून बघितलं. मग हसले ते खोकला येईस्तोवर.

"साहेब, आमचे खापरपणजे शिकलगार. तलवारीला धार लावायची, शिकल करायची. तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा तंबोऱ्याला हात घातला. तिकडून इकडं यायला आम्हाला चार पिढ्या लागल्या. आणि तुम्ही तंबोऱ्याच्या दुकानात येऊन सुरी मागताय व्हय?"

ते खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची कामं आटली तेव्हा मिरजेतल्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरा करायला घेतला आणि पुढे गल्लीच्या गल्ली त्यात उतरली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पोलादावरचा हात लाकडावर आणि हाडावर कसा फिरला असेल, हे मला तिथे पायरीवर बसून थोडंफार कळलं. कानस तीच. ऐकायचं मात्र नव्याने शिकावं लागलं असणार.

त्यांनी घोडी कापून उरलेला हाडाचा एक तुकडा दिला. पैसे घेतले नाहीत. "अख्खी मूठ होणार नाही याच्यात. मूठ शिसवाची करा, टोकाला हे बसवा," म्हणाले. आणि वर, "नाकाला फडकं बांधा घासताना. हाडाची भुकटी वाईट."

पात्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात माझी शोभा फार आहे. जुनी झिजलेली कानस घेऊन बुधगावच्या वाटेवरच्या लोहाराकडे गेलो. तो खुरपी आणि ऊसतोडीचे कोयते करतो. त्याने कानस भट्टीत घालून राखेत निवत ठेवून मऊ करून दिली. पुढचे पाच रविवार मी गच्चीवर तिला दुसऱ्या कानशीने घासत होतो, म्हणजे कानशीने कानस. आकार आला. मग पाणी देण्यासाठी पुन्हा त्याच्याकडे. बुडवायचं तेलात, पण म्हणायचं पाणीच. पात्याला पाणी पाजतात, तेल कधी पाजत नाहीत. भाच्याने बजावलं होतं की लोखंड पुरेसं तापलं की चुंबक चिकटत नाही, साधारण ७७० अंशांना. म्हणून मी फ्रीजच्या दारावरचं अष्टविनायकाचं चुंबक खिशात घालून नेलं होतं. लोहाराने पातं भट्टीतून काढलं, माझ्या हातातल्या गणपतीकडे बघितलं आणि म्हणाला, "ठेवा की ते खिशात. देवाला कशाला चटका?" नुसत्या रंगावरून त्याने ओळखलं आणि पातं तेलात सोडलं. चर्र झालं, धूर झाला, आणि काच तुटावी तसं कडक पातं माझ्या हातात आलं.

कडक पातं ठिसूळ असतं. ते पुन्हा २०० अंशांवर दोन तास शेकावं लागतं. ते काम घरच्या ओव्हनमध्ये केलं. बायको बाहेर गेली होती. परत आली तेव्हा घरभर जळक्या तेलाचा वास आणि ओव्हनच्या जाळीवर केकच्या जागी सुरी. पात्यावर मात्र फिकट पिवळी छटा आली होती, अगदी मार्केट यार्डातल्या हळदीची. मी तिला ती दाखवायला गेलो. तिने पाहिली नाही.

म्यानासाठी स्टेशन रोडवरच्या चपलावाल्याकडे गेलो. "मोबाईलचं कव्हर करून दिलंय काका, म्यान नाही केलं कधी," म्हणाला, पण सुरी हातात घेऊन त्याने वजन बघितलं आणि मला बसायला खोकं दिलं. चपलेच्या पट्ट्याचं चामडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. ते पाण्यात भिजवलं, सुरीला दुधाची पिशवी गुंडाळली, वर ओलं चामडं दुमडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत मुठीचा उंचवटा बाहेरून उमटवला. एक दोरा, दोन सुया, आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही बाजूंनी सुई एकाच भोकातून. रात्रभर वाळू द्या म्हणाला. सकाळी म्यान पापडासारखं कडक झालं होतं.

कडेचं चामडं त्याने रापीने छाटलं. रापी म्हणजे अर्धचंद्रासारखं रुंद पातं, लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, झिजून अंगठ्याच्या जागी खळगा. जाड चामड्यातून ती अशी गेली की लोण्यातून जावी. मी माझी सुरी त्याच तुकड्यावर चालवून पाहिली. गेली. पण मला ढकलावी लागली. त्याने ते बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि "नवी हाय अजून" एवढंच म्हणाला. मग रापी चपलेच्या तळव्यावर दोनदा पुसून फडक्यात गुंडाळून ठेवली. तिला म्यान नव्हतं.

तर सुरी झाली. शिसवाची मूठ, टोकाला बोटाच्या पेराएवढं उंटाचं हाड, चामड्याचं म्यान. भाच्याला फोटो पाठवले, त्याने अंगठा पाठवला. बायको तिला हात लावत नाही. पुसून कोरडी करूनच ठेवायची, म्यानात ओली घालायची नाही, सिंकमध्ये तर टाकायचीच नाही, असल्या सुरीचं सोवळं कोण पाळणार, असं तिचं म्हणणं. भाजीला नवी प्लास्टिकच्या मुठीची आली आहे. या वेळी लाल.

मधे एकदा रात्री मी तीच पुरातली सहाण काढली, पाणी टाकलं आणि त्या सुरीला धार लावत बसलो होतो. सहाणेचा आवाज ऐकून आई आतल्या खोलीतून म्हणाली, "उगाळतोयस का? जरा माझ्या गुडघ्याला दे."

आईचं वय ८४. शिंग पुरात गेलं हे तिला शंभरदा सांगून झालं आहे.

मी सुरी उलटी धरली. पात्याला फडकं गुंडाळलं आणि मुठीचं टोक सहाणेवर टेकवलं. एकाच दिशेने, गोल गोल. आधी खरखर, मग पाणी दुधाळ व्हायला लागलं. ते बोटावर घेऊन तिच्या गुडघ्याला लावलं. तिने डोळे मिटून घेतले. "गार आहे," म्हणाली.

सकाळी विचारलं, काही फरक?

"बघू आजच्या दिवस लावून."

त्याला आता तीन महिने होत आले. मुठीचं टोक एका अंगाने तिरपं झिजलंय.