सव्वा किलोचा हिशेब

दुकानात लॅपटॉप उचलून पाहणारे गिऱ्हाईक तो पंख्याखाली उभे राहून, रिकाम्या हाताने आणि फार तर क्षणभर उचलते. अशा वेळी २.२ किलो आणि १.३ किलो यांतला फरक त्याला कळतो खरा, पण तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत इतका तो मोठा वाटत नाही. हाच लॅपटॉप पाठीवर टाकून मे महिन्यातल्या दुपारी फाट्यावर एस.टी.तून उतरावे, कानाला दुपट्टा गुंडाळावा आणि गावापर्यंतचा आधी डांबरी, पुढे मुरमाचा रस्ता पायी तुडवावा, म्हणजे नऊशे ग्रॅम ही काय चीज असते याचा उलगडा होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सेवा सहकारी सोसायट्यांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय असल्यामुळे लॅपटॉपच्या बाबतीत माझा पहिला निकष वजन हाच राहिला आहे आणि बाकीचे सगळे त्याच्या मागून येतात.

आमच्या कामाचा हंगामच तसा आहे. सहकारी संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यानंतर चार महिन्यांत लेखापरीक्षण उरकायचे असते. म्हणजे पारा ४५ अंशांकडे सरकत असताना काम हाती घ्यायचे आणि काळी माती चपलांना चिकटू लागली की ते संपवायचे. पाठीवरच्या पिशवीत मागच्या वर्षाचे अहवाल, शिक्के, पाण्याची बाटली आणि डबा आधीच असतो. केंद्र सरकारने २०२२ साली ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या, म्हणजे अशाच सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून सोसायट्यांच्या टेबलावरही संगणक दिसू लागले आहेत. तरीही ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याच यंत्रावर बसून लेखापरीक्षकाने आपला अहवाल लिहावा, हे मला प्रशस्त वाटत नाही. आपले यंत्र आपल्याच पाठीवर असलेले बरे.

या बाबतीत आपण सुखी पिढीतले आहोत, हे मात्र मान्य केले पाहिजे. आयबीएमने १९७५ साली ‘नेता येण्याजोगा’ म्हणून जो ५१०० हा संगणक बाजारात आणला, त्याचे वजन चोवीस किलोंच्या आसपास होते. १९८१ सालचा ऑसबॉर्न १ अकरा किलोंचा होता, त्याचा पडदा जेमतेम पाच इंचांचा होता आणि त्यात बॅटरी नव्हती. भारनियमनाच्या गावात तो नेला असता तर दुपारभर त्याच्यावर कागद दाबून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग झाला नसता. पुढच्याच वर्षी आलेल्या ग्रिड कम्पास या यंत्राने पडदा मिटून कळफलकावर ठेवण्याची रीत रूढ केली आणि मॅग्नेशियमची पेटी वापरून वजन पाच किलोंपर्यंत खाली आणले. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तो १.३६ किलोंचा होता. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा बरेच हलके असते, म्हणून एक किलोच्या आतबाहेरच्या बहुतेक यंत्रांच्या अंगात आजही मॅग्नेशियमचे मिश्रधातू किंवा कार्बन फायबर आढळते. असे यंत्र हातात घेतले की ते थोडे पोकळ, थोडे प्लॅस्टिकसारखे लागते आणि जड म्हणजे टिकाऊ असे मानणाऱ्या आपल्या मनाला ते पटत नाही. कुकर घेताना आईने शिकवलेले शास्त्र इथे लागू पडत नाही, एवढे समजून घ्यावे.

खोक्यावर छापलेले वजन हे अर्धेच वजन असते, कारण त्यात चार्जर धरलेला नसतो. खेळांसाठी बनवलेल्या लॅपटॉपचा चार्जर विटेएवढा असतो आणि तो घरी ठेवून बाहेर पडण्याची सोयही नसते, कारण त्यांचा प्रोसेसर ४५ वॅट आणि त्याहून जास्त वीज खातो. किर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद पाहणाऱ्याला त्याची काही गरज नाही. आमचे काम १५ ते २८ वॅटच्या प्रोसेसरवर आरामात होते, तो कमी तापतो, त्याला लहान पंखा पुरतो, आणि ५०-६० वॅट-तासांची बॅटरी असली तर सकाळी गेलेली वीज दुपारी आली तरी हात थांबत नाही. चार्जर टाइप-सीचा ६५ वॅटचा गॅलियम नायट्राइडवाला घ्यावा. तो मुठीत मावतो आणि त्याच्यावरच फोनही भरतो. रॅमच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. बऱ्याच पातळ यंत्रांत ती मदरबोर्डवरच डाखलेली असल्यामुळे पुढे वाढवता येत नाही, म्हणून सोळा जीबी आधीच घेऊन टाकावी.

उष्णतेचे प्रकरण मात्र आमच्याकडे स्वतंत्र आहे. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचे तापमान १० ते ३५ अंश सांगते. वैशाखात आमच्याकडे ही वरची मर्यादा सकाळचा चहा पचायच्या आत ओलांडली जाते, आणि सोसायटीचे कार्यालय पत्र्याचे असले तर मग बोलायलाच नको. लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, ही काही अफवा नाही. त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत यंत्र ठेवू नये, गादीवर किंवा लोडावर ठेवून खालची जाळी बुजवू नये, आणि सचिवांनी कितीही आग्रह केला तरी कूलरच्या थेट तोंडाशी बसू नये, कारण ती हवा गार असते तशीच ओलीही असते. हिवाळ्यात जिनिंगच्या संस्थेत काम निघाले तर कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. पंखा ते आत ओढतो आणि वर्षा-दोन वर्षांत पात्यांवर पांढरी वळकटी बसते. २०२० च्या अखेरीपासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला शांततेसाठी आवडत असेल; जिनिंगमध्ये बसणाऱ्याला ती वेगळ्या कारणासाठी आवडावी. आमची सॉफ्टवेअरे विंडोजवरची असल्यामुळे मला तिचा लाभ घेता आला नाही.

खरी ओढाताण झाली ती आकड्यांच्या कळांवरून. साडेपंधरा इंची लॅपटॉपच्या उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो आणि हिशेबनिसाचा उजवा हात त्या चौकोनावर डोळे मिटूनही चालतो. चौदा इंची यंत्रात त्याला जागा नसते. चौकोन पाहिजे तर वजन वाढते, वजन कमी पाहिजे तर बेरजा वरच्या ओळीतल्या कळांवर टिपत बसावे लागते आणि सभासदवार कर्जयादीच्या तिसऱ्या पानावर माणूस रडकुंडीला येतो. मी शेवटी चौदा इंची यंत्र आणि सुटा कळफलक असा तोडगा काढला. हा आकड्यांपुरता छोटा कळफलक तळहातापेक्षा थोडा मोठा असतो, वायरने जोडता येतो आणि ज्या दिवशी बेरजांचे काम नाही त्या दिवशी घरी राहतो. पडद्याची रुंदी-उंची सोळास दहा या प्रमाणात असेल तर खतावणीच्या चार ओळी जास्त दिसतात, हाही चौदा इंचांतला एक दिलासा आहे. पडदा चकाकणारा नसावा. सोसायटीत टेबल बहुधा दाराकडे पाठ करून मांडलेले असते आणि चकचकीत पडद्यात ताळेबंदाऐवजी अंगणातले कडुनिंबाचे झाड आणि आपला घामेजलेला चेहरा दिसतो. निट हे पडद्याच्या उजेडाचे माप; २५० निट्सच्या स्वस्त पडद्यापेक्षा ४०० निट्सचा पडदा अशा जागी डोळ्यांना फार सोपा जातो.

आता रूपाविषयी. कामाच्या लॅपटॉपने भारदस्त दिसावे असे सगळेच म्हणतात, परंतु भारदस्त कुणाच्या नजरेत, हे कोणी सांगत नाही. नागपुरातल्या वातानुकूलित कचेरीत जी सोनेरी झाक किंवा आरशासारखी झिलई रुबाबदार ठरते, तिचा सोसायटीच्या टेबलावर वेगळाच परिणाम होतो. आमच्याकडे नवी वस्तू दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “केवढ्याले पडला साहेब?” त्यात आगाऊपणा काहीच नसतो, बैलजोडीबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तरही मोकळेपणाने दिले जाते. पण त्या वेळी बाकावर थकबाकीदार सभासद बसलेले असतात, त्यांच्या पीककर्जाची रक्कम माझ्या यादीत असते, आणि त्या रकमेपेक्षा जास्त किमतीचे यंत्र त्यांच्यासमोर उघडून मी त्यांची थकबाकी वाचून दाखवणार असतो. ज्या यंत्राकडे पाहून किमतीचा अंदाज येत नाही, ते माझ्या धंद्यात भारदस्त. राखाडी किंवा काळे, बिनचकाकीचे, झाकणावर मोठे बोधचिन्ह नसलेले. १९९२ साली आलेल्या आयबीएमच्या थिंकपॅड या लॅपटॉपचा काळा चौकोन रचनाकार रिचर्ड सॅपर यांनी जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचवला होता. बाहेरून काही सांगायचे नाही आणि उघडल्यावर सगळे जागच्या जागी, ही त्यामागची कल्पना मला आजही कामाची वाटते. लाल-हिरवे दिवे पेटणाऱ्या कळफलकाचे यंत्र घेऊन आमचा एक तरुण सहकारी एका सोसायटीत गेला, तेव्हा सत्तरी गाठलेल्या अध्यक्षांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, “काहो भाऊ, दिवाळीले लावता का याले?” त्यानंतरच्या चर्चेत थकबाकीला फारसे गांभीर्य उरले नाही.

दुकानदार कधीच दाखवत नाही अशी एक बाब म्हणजे बिजागरी. लॅपटॉप उघडला की त्याचे झाकण दोन माणसांच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहते. अलीकडच्याला आकडे दिसतात, पलीकडच्याला फक्त झाकणाची पाठ. किर्दीच्या चोपडीचे तसे नव्हते. ती टेबलावर पसरलेली असायची, सचिव एका बाजूने आणि लेखापरीक्षक दुसऱ्या बाजूने वाचायचा आणि कोणाचे बोट कुठल्या नोंदीवर आहे हे खोलीतल्या सगळ्यांना दिसायचे. ज्या यंत्राचा पडदा १८० अंशांत पूर्ण आडवा होतो, त्याने हे पुष्कळसे परत मिळते. मी दुकानात प्रत्येक यंत्र आधी सपाट आडवे करून पाहिले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाच्या काळजात धस्स झाले असावे. पण चांगली बिजागरी कुरकुरत नाही आणि आडवा पडदा हलवला तरी डुगडुगत नाही.

याच कारणाने मी स्पर्शपडदा नाकारला. त्याने थोडे वजन वाढते ही गोष्ट वेगळी, पण मुख्य अडचण बोटांची आहे. आडव्या पडद्यावर यादी मांडली की समोरचा माणूस आपले नाव शोधताना त्याच्यावर बोट टेकवणारच, आणि त्या बोटाला बहुधा नुकत्याच घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या खर्‍याचा चुना असतो. साध्या पडद्यावर चुना पुसला की झाले. स्पर्शपडद्यावर यादी त्या बोटाबरोबर सरकत जाते आणि रामरावांचे खाते शोधणारा माणूस थेट एकूण बेरजेवर जाऊन पोचतो.

गेल्या जूनमध्ये एका वयस्क सभासदाने अशाच आडव्या पडद्यावर चष्मा खालीवर करत आपली ओळ शोधली आणि मग बोट दोन ओळी खाली नेऊन म्हटले, “साहेब, म्या भरलेले पैसे तं इथं दिसून रायले. हे खातं माह्या चुलतभावाचं हाय, आमचं दोघायचं नाव एकच हाय ना.” सचिवांनी पावतीपुस्तक काढले, खाते क्रमांक ताडून पाहिले, आणि म्हातारबाबांचे म्हणणे खरे निघाले. वसुलीची रक्कम नामसाधर्म्यामुळे दुसऱ्या खात्यात जमा झाली होती. मी तो मुद्दा टिपणात घेतला, सचिवांनी दुरुस्तीची नोंद घालून सही केली, आणि म्हातारबाबांनी जाता जाता झाकणावरून हात फिरवून विचारले, “केवढ्याले पडला?” मी आकडा सांगितला. “बैल महाग झाले आता,” असे म्हणून ते चपला घालायला बसले.