पाण्याची सोय आहे का?

उन्हाळ्यातल्या दुपारी पेपरातल्या प्लॉटच्या जाहिराती वाचण्यात वेळ बरा जातो. ‘एनए प्लॉट, हायवेपासून पाच मिनिटं, मुबलक पाणी.’ सातारकर ती पाच मिनिटं सोडून देतो आणि पाण्यापाशी थांबतो. बोअर किती फुटांवर लागलं?

२०१६च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या प्रॉक्झिमा बी या ग्रहाच्या बातम्या अगदी अशाच असतात. तो ज्याच्याभोवती फिरतो तो प्रॉक्झिमा म्हणजे सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. म्हणजे व्हॉयेजर-१ या अवकाशयानाच्या वेगानं, सेकंदाला १७ किलोमीटर, साधारण ७५ हजार वर्षं. हीच ती हायवेपासूनची पाच मिनिटं. वजन पृथ्वीएवढंच, पण ‘किमान’. कक्षेचा कल माहीत नसला की एवढंच सांगता येतं. जाहिरातीत याला ‘पासून पुढे’ म्हणतात.

आणि राहण्याजोगा! हा शब्द फार सैल वापरतात. ताऱ्यापासूनचं अंतर असं, की हवेचं पांघरूण नीट असेल तर पृष्ठभागावर पाणी पातळ राहू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. आता माण आणि महाबळेश्वर सूर्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, एकाच जिल्ह्यात आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास, आणि मार्च सरला की टँकरची वाट. नुसतं अंतर मोजून पाण्याची हमी देणाऱ्याला एकदा माणमधल्या म्हसवडला उतरवावं.

ग्रह कुणी पाहिलेला नाही. चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरच्या हार्प्स यंत्रानं ताऱ्याचा प्रकाश फोडला, तेव्हा तारा दर ११.२ दिवसांनी किंचित पुढे-मागे होताना दिसला. वेग ताशी जेमतेम ५ किलोमीटर, पिशवी घेऊन मंडईत निघालेल्या माणसाची चाल. शिवाय हा ग्रह आपल्या बाजूनं ताऱ्यासमोरून जात नाही, त्यामुळे त्याच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश तपासायची सोय नाही.

ताऱ्यापासून तो फक्त ७२ लाख किलोमीटरवर. इतक्या जवळ बहुधा एकच तोंड कायम ताऱ्याकडे राहतं. तिथला तांबूस सूर्य आपल्या सूर्याच्या तिप्पट मोठा दिसेल आणि जागचा हलणार नाही. कुरडया वाळत घालाव्यात, सावली आली म्हणून बाज सरकवायला नको. फक्त तारा तापट. १ मे २०१९ रोजी त्याचा अतिनील प्रकाश काही सेकंदांत १४ हजार पटींनी भडकला. असे भडके हवाच उडवून लावू शकतात.

ग्रह नाही, पण ज्यांना निदान तो तारा बघायचाय त्यांच्यासाठी. महाराष्ट्र दिनाच्या रात्री साडेबाराला दक्षिणेकडे तोंड करा, मग रोज चार मिनिटं लवकर. खाली दोन ठळक तारे शेजारीशेजारी. डावीकडच्याचं नाव मित्र, म्हणजेच अल्फा सेंटॉरी; उजवीकडे आणखी पुढे त्रिशंकू हा तारकासमूह. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश. साताऱ्यातून मित्र मुठीच्या वर बोटभर. पण शहराच्या दक्षिणेलाच अजिंक्यतारा उभा, म्हणून पायथ्याच्या पेठांतून नाव ताऱ्याचं आणि तारा आड! यवतेश्वरला चढावं. सांगलीकरांना कृष्णाकाठच्या सपाटीवर गच्चीही पुरते.

प्रॉक्झिमा मित्राच्या खाली उजवीकडे, सव्वादोन अंशांवर. अकराव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), नुसत्या डोळ्यांना अशक्य. त्यातून क्षितिजाजवळची मे महिन्यातली धूळ आणखी एक-दीड प्रत खाते, म्हणून आठ इंची दुर्बीण न्यावी. आकाशगंगेची दाटी असल्यानं ठिपके खंडीभर. हमखास चूक होते ती जुन्या नकाशानं. तारा वर्षाला ३.८५ विकला सरकतो (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला); २००० सालच्या जागेवर बघाल तर दीड कलेहून जास्त चुकाल आणि भलत्याच ठिपक्याला प्रॉक्झिमा म्हणून खाली याल.

उलट तिथून पाहिलं तर आपला सूर्य शर्मिष्ठा तारकासमूहात, तिच्या पाच ताऱ्यांत सहावा आणि सर्वांत ठळक. बाकी आकाश जवळजवळ आपलंच.

मित्र रात्री नऊला सोयीस्कर उभा असतो तो २२ जूनच्या सुमारास. तेव्हा ढग येतात. निदान यावेत, असं माणमध्ये सगळे म्हणत असतात.