जाड टायर, पण हवा किती?

आजच्या पावसात पुण्याच्या रस्त्यांवर एमटीबीचे (माउंटन बाइकचे) २.१ इंची टायर खड्डे, पेव्हर ब्लॉक आरामात गिळत होते. डांबरावर मात्र सतत घरघर आणि पायाला ओझं! दोष रुंदीचा नाही, खोल नक्षीचा. ओल्या झेब्रा पट्ट्यांवरही तीच नक्षी घसरते. रुंदी तीच ठेवून स्लिक, म्हणजे गुळगुळीत टायर घाला. घेण्याआधी जुन्या टायरच्या कडेचा आकडा वाचा: २६ इंची चाकाला ५५९ (रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये), २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. सत्तर किलोच्या माणसाला हवेचा दाब पुढे ३०, मागे ३५ पीएसआयच्या आसपास पुरे. पन्नास भरली की सायकल स्पीडब्रेकरवर उडते. वीसवर ट्यूब खड्ड्याची कड आणि रिममध्ये चिमटते, शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. एकच पॅच लावून निघालात तर पुन्हा ढकलत यावं लागेल.