झुंबराचा झोळ

बर्लिनमधल्या आमच्या दुरुस्तीच्या कार्यशाळेत आलेले ते झुंबर १८०० सालाच्या आसपासचे होते आणि सोबतच्या कागदावर ‘रशियन’ अशी नोंद होती. अशा नोंदी मी फारशा मनावर घेत नाही. बारीक सोनेरी कडी, मधोमध गडद निळ्या काचेचा कलश आणि वरच्या छोट्या मुकुटापासून खालच्या मोठ्या कड्यापर्यंत उतरणारे काचमण्यांचे सर, ही घडण त्या काळी सेंट पीटर्सबर्गमध्ये होत होती तशी बर्लिनमध्येही होत होती. १७९२ साली सुरू झालेल्या इथल्या वेर्नर अँड मीट या कारखान्याची झुंबरे प्रशियाच्या राजवाड्यांत लागली. पण रशियाचे नाव लावले की भाव चढतो, एवढे विक्रेत्यांना पक्के ठाऊक असते.

आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी कडी पितळेच्या पॉलिशने घासली होती. हा मुलामा पाऱ्याचा असतो. सोने पाऱ्यात कालवून धातूवर लेपायचे, तापवून पारा उडवायचा, मग काही भाग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून झळकवायचा आणि काही मुद्दाम निस्तेज ठेवायचा. त्या दोन छटांच्या खेळासाठी कारागिराने पाऱ्याची विषारी वाफ अंगावर घेतलेली असते. ती छटा पॉलिशच्या एका फडक्याने कायमची जाते आणि घासणाऱ्याला वाटते, आपण वस्तू चकचकीत केली.

कडे साफ करताना आतल्या काठावर छिद्रे दिसू लागली. सर २४ होते, छिद्रे ४८ निघाली. एकाआड एक छिद्र जुन्या मेणाने आणि मळाने बुजले होते. शिवाय तीन सरांतली तार हाताने कापलेली, जुनी होती आणि हे तिन्ही सर बाकीच्यांपेक्षा चार बोटे लांब होते. माझ्या सहकाऱ्याने ते इतरांच्या मापाने आखूड करायचे ठरवले होते. तो अतिशय नीटनेटका माणूस आहे आणि त्याच्या नीटनेटकेपणाची मला कधीकधी भीती वाटते. दारावरचे तोरण ताणून बांधले तर ते दोरीसारखे दिसते, हे आमच्या घरी लहान मुलालाही कळायचे. इथेही सराला झोळ हवा होता. तो दिला की सर आधी सरळ खाली येतो, मग अलगद बाहेर वळतो आणि कारंज्याचे पाणी पडल्यासारखा दिसतो. ताणला तर नुसता तंबू होतो.

आम्ही जुन्या मापाने २४ नवे सर ओवले, आखूड सरही त्याच मापाचे केले, मालकीणबाईंच्या घरी झुंबर टांगले आणि संध्याकाळी विजेचे दिवे बंद करून मेणबत्त्या लावल्या. मी इतक्या वर्षांत इतके समाधानाने काही पाहिले नव्हते. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई बराच वेळ वर पाहत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “हे आमचे नाही. आमच्या झुंबरातून छत दिसायचे.”

छिद्रांचा पुरावा मी त्यांना दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, मान्यही केला, आणि तरीही एकाआड एक सर काढायला सांगितले. मी ते काढले. उरलेल्यांचा झोळ मात्र ठेवला, तेवढे त्यांनी चालवून घेतले. काढलेले २४ सर पातळ कागदात गुंडाळून, क्रमांक घालून पेटीत ठेवले. पेटी कुठे ठेवायची असे विचारल्यावर त्यांनी जिन्याखालच्या कपाटाकडे बोट दाखवले.